कोरं, आब पूर्ण

१२ जानेवारी, सोमवार

दातांचे डॉक्टर आज दुकानात आले आणि खुर्चीवर न बसताच बोलायला लागले, म्हणजे वाटेतच त्यांनी काहीतरी ठरवून टाकलेलं असणार. त्यांना त्यांच्या संग्रहातली सगळ्यात चांगली बारा नाणी विकायची आहेत. ही बाराही त्यांनी गेल्या तीस वर्षांत एकेक करून मामांकडूनच घेतली. दोन वर्षांपूर्वी ते लहान घरात राहायला गेले, तेव्हापासून ती आमच्याच तिजोरीत असतात. गिऱ्हाईक दूरचं आहे, त्याने फक्त फोटो पाहिलेत. त्याची अट एकच. प्रत्येक नाणं पारख करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून तपासून, दर्जाचा आकडा घेऊन, डबीत बंद होऊन आलं पाहिजे.

मामा म्हणाले, "म्हणजे बरणीत घालून."

"बरणी नाही हो शेठ. कडक प्लास्टिकची डबी. उघडायची तर फोडावीच लागते. आत चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. सत्तरपैकी."

"सत्तरच का? शंभर का नाही?"

"ते त्यांना विचारा. मला शाळेत शंभरपैकी तीस पडायचे. सत्तरपैकी असते तर पास झालो असतो."

डॉक्टर स्वतःच हसले. मामा हसले नाहीत. मग डॉक्टर खुर्चीवर बसले आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "शेठ, तुम्ही 'कोरं' म्हणालात, मी 'कोरं' म्हणून घेतलं. तीस वर्षांत भिंग मागितलं नाही. पण त्या माणसाला तुम्ही कोण?"

"खरं आहे," मामा म्हणाले. "त्याला मी कोण."

मामांकडे आकडे नाहीत, पाच शब्द आहेत. कोरं, जवळजवळ कोरं, चांगलं, चाललेलं आणि दमलेलं. 'दमलेलं' हा शब्द मला सगळ्यात आवडतो, कारण तो नाण्याला लागतो तसा माणसालाही लागतो. या पाच शब्दांवर आमचं दुकान चालतं. जुनी गिऱ्हाइकं तेवीस. कंपनीचा आकडा मामांच्या शब्दाशी जुळला नाही तर ही गोष्ट डॉक्टरांपाशी थांबणार नाही. तेवीस घरांत तिजोऱ्या उघडतील.

१३ जानेवारी, मंगळवार

मी डबीच्या बाजूचा आहे. हे मामांना सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

खोटी नाणी हल्ली इतकी चांगली निघतात की आपल्यासारख्यांना रोज शिकावं लागतं. कंपनीत दोन माणसं एकमेकांना न विचारता नाणं बघतात, जुळलं नाही तर तिसरा बघतो. मग ते बंद होतं आणि त्याला कोणाचा हात लागत नाही, घाम लागत नाही. दूरच्या माणसाला निर्धास्त घेता येतं. विरुद्ध बाजूने एवढंच, की प्रवासात हरवायची भीती, वेळ, आणि एकदा बंद झालं की नाणं पुन्हा हातात घेता येत नाही. शिवाय एकच नाणं दोनदा पाठवलं तर दोनदा वेगळा आकडा आल्याचंही ऐकलंय. म्हणजे तोही शेवटी माणसाचाच शब्द. पण माझ्या मते फायदे जास्त आहेत.

मी नववीत शाळा सोडली. नाण्यांचं जे येतं ते चार वर्षांत मामांनीच शिकवलं. त्यांच्याच दुकानातला माल त्यांनाच विकायचा म्हणजे धाडस आहे. जेवताना मामीला म्हणालो तर ती म्हणाली, "मग सांग की त्यांना. त्यांना हल्ली कोणीतरी सांगितलेलं लागतं."

मामी असं का म्हणाली कळलं नाही. मामांना कोणी काही सांगितलेलं मुळीच खपत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. आज दुकानात मामांना सांगितलं.

मामांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "पंतोजी, नाणं हातात घ्यायची वस्तू आहे. डबीत घातलं की फोटो आणि नाणं यांत फरक काय राहिला?" मी शुद्धलेखनाचा आग्रह धरतो म्हणून ते मला पंतोजी म्हणतात. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला पंतोजी म्हणणं ही थट्टाच आहे, पण मला ती आवडते.

शेजारचा किल्लीवाला आमच्या दारात चहा पीत उभा होता. तो म्हणाला, "मी चाळीस वर्षं कुलपं विकतोय. कुलपाने चोर थांबत नाही, मालकाला झोप लागते. त्या गिऱ्हाइकाला झोप हवी आहे, देऊन टाका."

मामा बराच वेळ बोटाने टेबलाच्या कडेवर रेघ ओढत बसले. शेवटी कबूल झाले, पण अट घातली. नाणी जाण्याआधी ते प्रत्येकावर आपला शब्द देणार, मी तो लिहायचा, पाकीट चिकटवायचं आणि डॉक्टरांकडे द्यायचं. कंपनीकडून नाणी परत आली की ते सगळ्यांसमोर उघडायचं.

"त्यांनी आधी ऐकायचं नाही आणि मी मागून बोलायचं नाही," मामा म्हणाले.

"आणि नाही जुळलं तर?" किल्लीवाल्याने विचारलं.

"तर तू मला एक चांगलं कुलूप दे. दुकानाला लावीन."

किल्लीवाला हसला. मला हसू आलं नाही, कारण मामांचा चेहरा हसत नव्हता.

१९ जानेवारी, सोमवार

आज बाराही नाणी तपासली. सकाळचा उजेड चांगला म्हणून टेबल खिडकीशी ओढलं. प्रत्येक नाणं मी त्याच्या मऊ पारदर्शक पिशवीतून काढून मामांच्या हातात द्यायचो. या पिशव्या दोन वर्षांपूर्वी मीच आणल्या. त्याआधी मामा सगळं जाड कागदाच्या पाकिटांत ठेवायचे, आणि एक नाणं शोधायला दहा पाकिटं उघडावी लागायची. आता काढल्याशिवाय दिसतं आणि वर माझ्या अक्षरात नाव असतं. मामा तेव्हा म्हणाले होते, "कागद श्वास घेतो रे." मी म्हणालो होतो, "पण मामा, यातून दिसतं."

त्यांची तपासायची रीत अशी. नाणं दोन बोटांत काठावर धरायचं. अंगठ्याच्या नखाने काठावरून एक फेरी. मग तळहातावर वजन. मग बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याची हलकी टिचकी आणि कान. पूर्वी मी नाण्याच्या तोंडावर, म्हणजे चित्रावर, बोट टेकवलं तर ओरडायचे, हल्ली स्वतः पातळ हातमोजा घालून तोंडावरून बोट फिरवतात. मोठ्यांच्या रीती मोठ्यांना.

शेवटी नाणं माझ्याकडे देऊन विचारायचं, "आब?"

आब म्हणजे टाकसाळीतून नवं निघालेल्या नाण्यावरची ती चमक, जी उजेडात नाणं कलतं केलं की त्याच्याबरोबर फिरते. एकदा गेला की घासून परत येत नाही, घासलं तर उरलेलाही जातो. गेलं दीड वर्ष मामा मला हे विचारतात. ही माझी परीक्षाच. तोंडी परीक्षेला मी असाच उभा राहायचो आणि येत असलेलं उत्तरही गिळून टाकायचो.

सातवं नाणं जहाजाचं. मी म्हणालो, "पूर्ण. शिडाखाली जरा हिरवट झाक आहे."

मामा थांबले. "हिरवट? कुठे? किती?"

आवाज असा होता की मला वाटलं, उत्तर चुकलं. मी पुन्हा नाणं फिरवलं. हिरवट दिसलं, मग नाही दिसलं, मग कशातच काही कळेना. "नाही मामा. खिडकीबाहेरच्या झाडाचा उजेड असेल."

"नक्की?"

"नक्की."

"मग लिही. कोरं, आब पूर्ण."

नवव्याला आणि दहाव्याला मला पुन्हा तसंच वाटलं. पण एकदा झाडाचा उजेड म्हटल्यावर दुसऱ्यांदा काय म्हणणार? तिथेही 'कोरं, आब पूर्ण' लिहिलं. 'पूर्ण'चा पू दीर्घ, तिन्ही ठिकाणी बरोबर आहे.

२१ जानेवारी, बुधवार

पार्सल गेलं. कुरिअरच्या फॉर्मवर मामांनी सही केली ती चौकट सोडून खालच्या पत्त्यावर गेली. काउंटरवरच्या बाईने दुसरा फॉर्म दिला. मी जागेवर बोट ठेवलं, तिथे त्यांनी केली. असल्या कागदांकडे मामा लक्षच देत नाहीत.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज एक बाई वडिलांच्या कपाटात सापडलेलं नाणं घेऊन आली. मुकुटवाली राणी, चांगलं जड. मला ते खरंच वाटलं, भिंगातूनही खरं वाटलं. मामांनी हातात घेतलं, नजर दारावरच होती, काठावरून एक फेरी केली आणि परत दिलं.

"बाई, हे ओतीव आहे. काठावर साच्याचा सांधा आहे, घासून काढलाय. तुमच्या वडिलांना कोणीतरी फसवलं असणार."

बाई म्हणाली, "त्यांनीच कोणाला तरी फसवायला ठेवलं असेल. तुम्हाला माझे वडील माहीत नाहीत." आणि हसत गेली.

ती गेल्यावर मी काठ भिंगाखाली धरला. सांधा केसाएवढा होता. न बघता कळलं त्यांना. अशा माणसाला कंपनीच्या आकड्याची भीती कशाला वाटावी?

११ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीकडून काही नाही. मामा हल्ली सकाळी वर्तमानपत्र माझ्याकडून वाचून घेतात, माझं वाचन सुधारावं म्हणून. त्यांचा नवा चष्मा ड्रॉवरमध्येच पडून असतो. विचारलं तर म्हणाले, "लावून काही फरक पडत नाही." म्हणजे या वयात नजर अजून चांगली आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पार्सल आलं. मामा घरी जेवायला गेले होते, मी एकट्यानेच उघडलं. उघडायला नको होतं.

नऊ डब्या. तीन नाणी डबीशिवाय, कागदाच्या पाकिटात परत आली. जहाजाचं, घोड्याचं आणि कणसाचं. म्हणजे सातवं, नववं, दहावं. प्रत्येकाबरोबर एकच ओळ होती. पृष्ठभागावर प्लास्टिकमधून उतरलेला थर आहे, दर्जा देता येत नाही.

जहाज उजेडात धरलं. शिडाखाली हिरवं होतं. झाड त्याच खिडकीबाहेर होतं, पण नाणं दुसऱ्या खिडकीशी नेलं तरी हिरवंच होतं.

मामांना म्हणालो, पार्सल आलंय, सोमवारी डॉक्टरांसमोरच उघडू. ते म्हणाले, "बरोबर." मी खोटं बोललो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

जिथे मिळालं तिथे वाचलं. मऊ प्लास्टिकला मऊ ठेवायला त्यात एक तेलकट पदार्थ घालतात. वर्ष-दोन वर्षांत तो बाहेर येतो आणि नाण्यावर बसतो, हिरवट, चिकट. कडक प्लास्टिकमध्ये तो नसतो. नाणी ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, असं लिहिलंय. मला माहीत नव्हतं.

तिजोरीत अजून दोनशे चौदा नाणी माझ्या पिशव्यांत आहेत. नीटनेटकी, प्रत्येकावर नाव.

मामांनी मला त्या दिवशी तीनदा विचारलं. कुठे, किती, नक्की. स्वतः का नाही पाहिलं, हे मला कळत नाही. कदाचित माझ्यावर विश्वास टाकून बघत होते.

२ मार्च, सोमवार

डॉक्टर अकराला आले. किल्लीवालाही आला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरांनी पाकीट फोडलं. ते मामांचा शब्द वाचायचे, मी डबीवरचा आकडा.

पहिली सहा जुळली. आठवं जुळलं, शेवटची दोनही जुळली. मामांनी ज्याला 'चाललेलं' म्हटलं होतं त्याला नेमका तसाच आकडा. डॉक्टर म्हणाले, "शेठ, कंपनीला म्हणावं, पगार देता का." मामांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मी मधली तीन बाजूला ठेवली होती. ती आता पुढे करावी लागली.

डॉक्टरांनी तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या. "शेठ, ही तीन तुम्ही 'कोरं, आब पूर्ण' म्हणालात."

"म्हणालो."

"यांचं म्हणणं हिरवा थर आहे. मला चष्म्याशिवाय दिसतोय हो. हे बघा." त्यांनी जहाज मामांसमोर टेबलावर ठेवलं.

मामांनी हात टेबलावरून सरकवत नेला, नाणं बोटांना लागलं तसं उचललं आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ धरलं. "सुटलं नजरेतून," ते म्हणाले.

"तुमच्या? तीन?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "प्लास्टिक मी घातलं होतं, डॉक्टर. मामा कागद म्हणत होते. आणि हिरवट मला त्या दिवशी दिसलं होतं, मीच मामांना—"

"गप्प बस," मामा म्हणाले.

चार वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. किल्लीवाल्याने कप खाली ठेवला.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मग मामांकडे. "म्हणजे याला दिसलं होतं."

"तो पोर आहे. शब्द माझा होता."

डॉक्टरांनी टेबलाकडे पाहिलं. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. टेबलावरचं पेन उचलून मामांच्या समोर धरलं. सही वगैरे काही करायची नव्हती. मामांनी घेतलं नाही. डॉक्टरांनी थोडा वेळ तसंच धरलं आणि आवाज न करता परत ठेवलं. जाताना मामांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "घाई नाही, शेठ. गिऱ्हाईक पळून जात नाही."

दुपारभर मामा माझ्याशी बोलले नाहीत.

३ मार्च, मंगळवार

मामा दुकानात आले नाहीत. मी आल्यापासून असं झालेलं नाही. किल्लीवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "कुलूप मागायला आले नाहीत ना? मी देणारच नाही." एका गिऱ्हाइकाने नाणं दाखवून दर्जा विचारला. मी म्हणालो, मामा नसताना दुकान शब्द देत नाही.

मला ते परत पाठवतील असं वाटतं. पाठवलं तर चुकीचं नाही. आईला काय सांगायचं ते ठरवून ठेवलं आहे.

घरी मामी म्हणाली, "तुझ्यावर नाही रागावलेत."

"मग कोणावर?"

"स्वतःवर."

"त्यांनी काय केलं? चूक माझी आहे."

"जेव," मामी म्हणाली. "तुम्ही दोघंही चुका वाटून घ्यायला बसलात तर अन्न गार होईल."

५ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी मामांनी जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. "पंतोजी, चांगला कागद घे. पत्र आहे, सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना. तेवीस प्रती. मशीनवर नाही, हाताने."

मला वाटलं, दुकान बंद करतात. त्यांनी सांगायला सुरुवात केली, मी लिहायला.

'सप्रेम नमस्कार. गेली तीस वर्षं आपण माझ्या शब्दावर नाणी घेतलीत. त्या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दोन वर्षांपासून माझी दृष्टी कमी होत गेली आहे. नाण्याचा काठ, वजन, आवाज आणि झीज मला अजून कळते. नाण्याचा आब मला दिसत नाही.'

माझा हात थांबला.

"काय झालं? शाई संपली?"

"मामा, हे खरं आहे?"

"तू शुद्धलेखन बघ. खरंखोटं मी बघतो."

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली. मामा पुढे सांगत राहिले, समोरच्या भिंतीकडे बघत, जशी ती भिंत एक गिऱ्हाईक आहे.

'दीड वर्षापासून आब माझा भाचा बघतो. हे मी त्याला सांगितलेलं नाही. तो त्याला परीक्षा समजतो.'

मी लिहिलं. 'परीक्षा'तली री दीर्घ. तेवढंच मला त्या वेळी नक्की माहीत होतं.

'तीन नाण्यांवर त्याला जे दिसलं ते मी धड विचारून घेतलं नाही, कारण धड विचारलं असतं तर त्याला कळलं असतं. ती चूक माझी आहे. या दोन वर्षांत आपण माझ्याकडून 'आब पूर्ण' म्हणून घेतलेलं नाणं परत आणावं किंवा कंपनीकडे पाठवावं. आकडा माझ्या शब्दाच्या खाली आला तर नाणं मी परत घेईन. यापुढे मोठ्या मोलाची नाणी कंपनीने तपासल्यावरच विकली जातील. लहान नाण्यांवर आम्हा दोघांचा शब्द राहील.'

"वाच," ते म्हणाले. वाचून दाखवलं.

"मामा, 'ती चूक माझी आहे' हे बरोबर नाही."

"व्याकरण चुकलं?"

"नाही. दिसलेलं मी सांगितलं नाही. मी घाबरलो."

त्यांनी कागदाच्या खालच्या कडेला बोट लावलं. "मग खाली तुझं एक वाक्य घाल. एकच. रडगाणं नको."

मी लिहिलं: 'मला हिरवट झाक दिसली होती, ती मी भीतीने नाकारली.' मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाकारली. चांगला शब्द आहे." सही करताना मी ओळीखाली पट्टी धरली. त्यांनी पट्टीला बोट लावलं आणि सरळ सही केली.

दोन वर्षं मी त्यांच्या समोर, हातभर अंतरावर बसतो आहे.

७ मार्च, शनिवार

पहिली प्रत डॉक्टरांना मी स्वतः नेऊन दिली. दवाखान्यात त्यांची मुलगी काम करत होती, ते मागच्या खोलीत रोपांना पाणी घालत होते. पत्र उभ्यानेच वाचलं, दोनदा.

"सोमवारी कळलं मला," ते म्हणाले. "पेन धरलं तेव्हा. आधी कळायला हवं होतं." मग बसले. "माझा हात थरथरायला लागला तेव्हा मी दवाखाना मुलीला दिला. लोकांना काय सांगितलं? आता मला हिंडायचंय. आजतागायत कुठे हिंडलो नाही. पत्र काढायचं मला नाही सुचलं."

मी विचारलं, तीन नाण्यांचं काय करायचं. शुद्ध ॲसिटोनमध्ये नुसती बुडवली, घासली नाहीत, तर थर बहुतेक निघतो, हे मामांनी सांगितलेलं त्यांना सांगितलं. निघाला तर पुन्हा कंपनीकडे पाठवता येतील.

"नऊ जाऊ दे त्या माणसाकडे. त्याला डब्या हव्यात, त्याला मिळतील. तीन मी विकत नाही. थर काढा, पण कंपनीकडे पाठवू नका. शेठच्या हाताला असू देत."

मामांनी घरी आल्या आल्या विचारलं, "काय म्हणाले? हसले का?"

"नाही. 'शेठच्या हाताला असू देत' म्हणाले."

मामांनी दोनदा मान हलवली आणि मामीला म्हणाले, "चहा कर. साखर जरा जास्त."

१६ मार्च, सोमवार

तेवीसपैकी अकरा उत्तरं आली. दोघांनी नाणी परत आणली, मामांनी ती घेतली. एकाने तोंडावर सांगितलं, दोन वर्षं आम्हाला आंधळ्या कोशिंबिरीत खेळवलंत, आता येणार नाही. मामा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." बाकीच्यांनी लिहिलंय की आहे ते राहू द्या. एका आजोबांनी फक्त विचारलंय की भाचा किती वर्षांचा आहे.

किल्लीवाला म्हणाला, "म्हणजे आता तुम्ही दोघं मिळून एक पारखी."

"दीड," मामा म्हणाले. "अर्धा कोण ते रोज बदलतं."

आज दोनशे चौदा नाणी माझ्या पिशव्यांतून काढून पुन्हा कागदाच्या पाकिटांत घालायला सुरुवात केली. पिशव्या मी स्वतःच कापल्या. पाकिटावर आता दोन ओळी आहेत. वरची मामांची, काठ आणि झीज, ते सांगतील तशी. खालची माझी.

पहिलं निघालं ते साधं पितळेचं, फार मोलाचं नाही. मामांनी काठावरून फेरी केली, वजन घेतलं, ऐकलं. "जवळजवळ कोरं. आब?"

मी ते खिडकीशी नेलं. मग दाराशी नेलं. एका बाजूने चमक फिरत होती, दुसऱ्या बाजूने अडत होती. खरोखर अडत होती की मीच नाणं नीट कलतं करत नव्हतो, ते मला ठरवता येईना. मामांनी घाई केली नाही. ते हात टेबलावर ठेवून वाट बघत बसले होते.

"मला नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

"तसंच लिही," मामा म्हणाले.